स्लॅबला माल किती लागेल?

सेंटरिंगच्या प्लेटा चढल्या, गज बांधून झाले, की घरात एकच प्रश्न फिरू लागतो : स्लॅबला किती पोती सिमेंट लागेल? नांदेडच्या एखाद्या नव्या वसाहतीत किंवा लातूरच्या औसा रोडच्या बाजूला तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर चाललेले असते. एक मिस्त्री ९० पोती सांगतो, दुसरा ११५. घरमालकाला वाटते, दोघांपैकी एक जण फसवतो आहे. प्रत्यक्षात दोघांचे गणित आपापल्या जागी बरोबर असू शकते. फरक कुठे पडला हे कळण्यासाठी हिशोब पहिल्या पायरीपासून मांडावा लागतो. त्यासाठी चौथी-पाचवीतला गुणाकार पुरतो. हवा असतो तो एक मोजपट्टीचा टेप आणि थोडी चिकाटी.

१. ब्रास म्हणजे किती?

मराठवाड्यात वाळू, खडी आणि काँक्रीट ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा ढीग डोळ्यांसमोर आणला की ब्रास समजतो. मेट्रिक मापात तो २.८३ घनमीटर होतो. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट असतात.

इथे एक खाचखळगा आहे. गिलावा किंवा फरशीच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकाच शब्दाने कधी क्षेत्रफळ मोजले जाते, कधी घनफळ. त्यामुळे कोणी ‘आठ ब्रासचे काम’ म्हणाले, तर ते आठशे चौरस फूट की आठशे घनफूट, हे आधी विचारून घ्यावे. या प्रकरणात ब्रास म्हणजे सर्वत्र १०० घनफूट.

२. सगळा खेळ जाडीचा

स्लॅबची लांबी-रुंदी फुटात असते आणि जाडी इंचात. घोटाळा होतो तो इथेच. गुणाकार करण्याआधी इंचांना १२ ने भागून फूट करावे लागतात. चार इंच म्हणजे ०.३३ फूट, पाच इंच म्हणजे ०.४२ फूट, सहा इंच म्हणजे अर्धा फूट.

एक सोपे माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. शंभर चौरस फुटांवर एक इंच जाडीचा थर दिला की ८.३३ घनफूट काँक्रीट लागते. पाच इंचाला त्याची पाचपट, म्हणजे जवळपास ४२ घनफूट. दहा-बारा फुटांच्या खोल्यांवर साधारणतः साडेचार ते पाच इंच जाडीचा स्लॅब असतो. खोली मोठी असेल, एखादी बाजू आधाराविना पुढे आलेली असेल किंवा वर जास्त वजन येणार असेल, तर जाडी बदलते. ती नकाशावर अभियंत्याने लिहिलेली असते आणि हिशोबात तीच धरायची. शेजाऱ्याच्या घराची जाडी आपल्या घराला लावून चालत नाही.

३. घनफळ : तीन तुकड्यांत मोजावे

उदाहरणासाठी २४ फूट रुंद आणि ३२ फूट लांब असे घर घेऊ. समोर २४ फूट लांबीची आणि ३ फूट रुंदीची गॅलरी आहे. गच्चीवर जाणाऱ्या जिन्यासाठी ७ बाय १० फुटांची मोकळी जागा सोडली आहे. स्लॅब पाच इंची आहे.

पहिला तुकडा सपाट स्लॅबचा. घराचे क्षेत्रफळ २४ × ३२ = ७६८ चौरस फूट. त्यातून जिन्याचे ७० वजा केले की ६९८ राहतात. गॅलरीचे ७२ मिळवले की ७७० होतात. याला पाच इंच जाडीने गुणले की ३२१ घनफूट येतात. पंख्याच्या हुकाची किंवा पाइपाची लहान छिद्रे वजा करत बसू नये. बांधकामाच्या मोजमापाच्या भारतीय मानकातही ०.१ चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण एक चौरस फुटापर्यंतची भोके वजा करत नाहीत. काँक्रीटच्या आत बसलेल्या गजांचे घनफळही वजा होत नाही.

दुसरा तुकडा बीमचा. समजा बीम ९ इंच रुंद आणि एकूण १५ इंच खोल आहेत. या १५ इंचांपैकी वरचे ५ इंच स्लॅबमध्येच मोजून झाले आहेत. म्हणून बीमसाठी फक्त खाली लोंबणारे १० इंच धरायचे. ही वजाबाकी विसरली की तोच माल दोनदा मोजला जातो. लांबीच्या दिशेने तीन बीम, प्रत्येकी ३२ फूट, म्हणजे ९६ फूट. रुंदीच्या दिशेने चार, प्रत्येकी २४ फूट, म्हणजे पुन्हा ९६ फूट. एकूण १९२ फूट. जिथे बीम एकमेकांना छेदतात त्या १२ जागाही दोनदा मोजल्या गेल्या, म्हणून पाऊण फुटाप्रमाणे ९ फूट कमी करायचे. राहिले १८३ फूट. त्यांना ०.७५ फूट रुंदी आणि ०.८३ फूट खोलीने गुणले की ११४ घनफूट होतात.

तिसरा तुकडा जिन्याचा. दहा फूट उंची दोन टप्प्यांत चढायची, तर एका टप्प्याची उंची ५ फूट आणि आडवी लांबी ६.६७ फूट येते. तिरकी लांबी ८.३३ फूट. जिना साडेतीन फूट रुंद आणि त्याची तिरकी पाटी पाच इंच जाड असेल, तर दोन्ही पाट्यांना २४ घनफूट लागतात. मधल्या ७ बाय साडेतीन फुटांच्या चौकाला १० घनफूट. पायऱ्या म्हणजे बाजूने पाहिल्यास त्रिकोणाचे तुकडे. दहा इंच रुंद आणि पावणेसात इंच उंच अशी एक पायरी ०.८ घनफूट भरते. सोळा पायऱ्यांचे १३ घनफूट. जिना एकूण ४७ घनफूट. पायऱ्या विटांच्या करायच्या असतील तर शेवटचे १३ गळतात.

आता बेरीज : ३२१ + ११४ + ४७ = ४८२ घनफूट. प्लेटांच्या फटींतून गळणारा, लिफ्टवरून सांडणारा आणि मिक्सरला चिकटून राहणारा माल धरून सुमारे चार टक्के वाढवले की ५०० घनफूट होतात. म्हणजे या घराला पाच ब्रास काँक्रीट लागेल. खांब, पाया आणि खिडक्यांवरचे छज्जे आधीच झालेले असतात, त्यांचा हिशोब वेगळा. काळ्या मातीतला पाया तर बराच माल खातो, म्हणून तो स्लॅबमध्ये मिसळून मोजू नये.

४. पावणेआठ ब्रास घाला, पाच ब्रास मिळेल

पाच ब्रास काँक्रीट हवे म्हणून सिमेंट, वाळू आणि खडी मिळून पाच ब्रास आणली, तर काम अर्ध्यावर अडेल. कारण स्वयंपाकघरात सापडते. एक पायली हरभरे आणि एक पायली ज्वारीचे पीठ एकत्र केले तर दोन पायल्या होत नाहीत. पीठ हरभऱ्यांच्या मधल्या पोकळीत शिरते. काँक्रीटमध्येही खडीच्या फटी वाळू भरते, वाळूच्या फटी सिमेंट भरते आणि पाणी उरलेली हवा बाहेर काढते. अनुभवाने ठरलेला आकडा असा : ओले काँक्रीट १ घनफूट हवे, तर कोरडा माल १.५४ घनफूट लागतो. पाच ब्रास ओल्या मालासाठी सुमारे पावणेआठ ब्रास कोरडा माल.

५. ९० पोती की ११५?

हा कोरडा माल कशाचा किती, हे प्रमाण ठरवते. ‘एक, दीड, तीन’ म्हणजे एक माप सिमेंट, दीड माप वाळू, तीन मापे खडी. हे साधारण एम २० दर्जाचे काँक्रीट. त्यातला २० हा आकडा ताकदीचा आहे. १५ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला, तर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो भार त्याने सोसायला हवा. भारतीय मानक ब्यूरोच्या २००० सालच्या आयएस ४५६ या संहितेनुसार गज घातलेल्या कोणत्याही काँक्रीटचा दर्जा किमान एम २० असावा लागतो.

जुन्या मिस्त्रींच्या तोंडी मात्र ‘एक, दोन, चार’ बसलेले आहे. ते एम १५ होते आणि स्लॅबसाठी आता कमी पडते.

५० किलोचे एक पोते म्हणजे ३५ लिटर, सव्वा घनफुटाहून किंचित कमी. या आधारे हिशोब केला की एक-दीड-तीनला दर ब्रासमागे जवळपास २३ पोती लागतात आणि एक-दोन-चारला १८. पाच ब्रासला पहिल्या प्रमाणाने ११५ आणि दुसऱ्याने ९०. सुरुवातीच्या दोन मिस्त्रींचे कोडे इथे सुटते. दोघांनी घर एकच मोजले होते, प्रमाण मात्र वेगवेगळे धरले होते. घरमालकाने दर विचारण्याआधी प्रमाण विचारले तर तुलना बरोबरीच्या गोष्टींची होते.

एक-दीड-तीन धरल्यास या घराला वाळू २.१ ब्रास आणि खडी ४.२ ब्रास लागते. खडी, म्हणजे इकडच्या बोलीत गिट्टी, काळ्या दगडाची असते. दख्खनच्या पठाराचा हा बेसॉल्ट मजबुतीला उत्तम. तिच्यात साधारण दोन वाटे २० मिलिमीटरची आणि एक वाटा १० मिलिमीटरची असावी, म्हणजे मोठ्या खड्यांमधल्या फटी लहान खडे भरतात आणि गजांखाली पोकळी राहत नाही.

ताळा करायचा असेल तर एक आकडा पाठ ठेवावा : एका पोत्यातून सुमारे ४.४ घनफूट तयार काँक्रीट निघते. ५०० भागिले ४.४ केले की उत्तर ११४ च्या आसपास येते.

६. ट्रॉलीतला ब्रास आणि फुगलेली वाळू

कागदावरचा ब्रास आणि ट्रॉलीतला ब्रास यांची नेहमीच गाठ पडते असे नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच भरली असेल, तर त्यात ९० घनफूट माल असतो. तो ०.९ ब्रास झाला. खाली करण्याआधी टेप लावला की वाद मिटतो. मध्ये शिगेने ढीग आणि कडेला खड्डा असेल, तर चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी घ्यावी.

वाळूची आणखी एक खोड आहे. ओलसर वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. गोदावरीची किंवा मांजराची वाळू ओलसर आली, तर हे फुगणे २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गंमत अशी की वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की ती पुन्हा खाली बसते. परीक्षा घरीच होते. काचेच्या सरळ बरणीत २० सेंटिमीटर ओलसर वाळू भरावी, मग ती बाहेर काढून बरणीत निम्मे पाणी घ्यावे, वाळू परत टाकून ढवळावी आणि बसू द्यावी. ती १६ सेंटिमीटरवर बसली तर फुगवटा चार सेंटिमीटरचा, म्हणजे मूळ सोळाच्या २५ टक्के.

अशा वाळूची २.१ ब्रासची गरज भागवायला २.६ ब्रास मागवावी लागते. मिक्सरमध्ये टाकतानाही दीड मापाऐवजी पावणेदोन ते दोनच्या मधले माप घ्यावे लागते. नाहीतर वाळू कमी पडते, माल खरबरीत होतो आणि एका पोत्यातून अपेक्षेपेक्षा कमी काँक्रीट निघते. मापासाठी घमेली मोजण्यापेक्षा ३५ लिटरचा लाकडी किंवा लोखंडी फर्मा बरा. घमेले कधी काठोकाठ भरते, कधी शिगोशिग.

७. अर्धा इंच आणि सव्वादोन टन

‘थोडा जाड झाला तर काय बिघडले, मजबूत होईल’, असे स्लॅबच्या दिवशी हमखास ऐकू येते. आपल्या उदाहरणात अर्धा इंच जाडी वाढली तर ३२ घनफूट काँक्रीट जास्त लागते. त्यात सात पोती जातात. शिवाय घराच्या डोक्यावर सुमारे सव्वादोन टन वजन वाढते.

छताच्या वजनाचा अर्थ लातूर जिल्ह्याला वेगळा सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मरण पावली. बहुतेक घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवदाची होती. लाकडी सरांवर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट, कुठे त्याहूनही जास्त मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंड राही. गळती लागली की वर आणखी माती पडे. दोन फुटांचा थर दर चौरस फुटाला ९० किलोंच्या पुढे वजन टाकतो. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब सुमारे ३० किलो टाकतो.

भूकंपात घराला बसणारा आडवा धक्का त्या घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणाऱ्याला ठेच लागली की रिकाम्या डोक्याच्या माणसापेक्षा त्याचा तोल लवकर जातो, तसेच हे. २००२ साली भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला गेला तेव्हा लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात आला. म्हणून इथे स्लॅबची जाडी नकाशापेक्षा कमी नको, तशी जास्तही नको. खांब, बीम आणि त्यांतले गज हे ठरलेल्या वजनासाठीच आखलेले असतात.

जाडी राखण्याचा उपाय साधा आहे. सेंटरिंग झाल्यावर पाण्याच्या नळीने सगळीकडे पातळी तपासावी. प्लेट मध्ये अर्धा इंच दबली, तर वरून सपाट दिसणारा स्लॅब तिथे तेवढाच जाड होतो. पाच इंच उंचीच्या खुणा जागोजागी ठेवल्या की माल पसरवणाऱ्याला अंदाजाने काम करावे लागत नाही.

८. पाण्याचा हिशोब

पोती सगळे मोजतात, पाणी कोणी मोजत नाही. एका पोत्याला २७ ते ३० लिटर पाणी पुरते. ११५ पोत्यांना सुमारे ३,२०० लिटर. यात वाळूतला ओलावाही धरायचा असतो. चार टक्के ओलसर वाळू प्रत्येक पोत्यामागे तीन लिटर पाणी स्वतःच घेऊन येते, तेवढे वरचे पाणी कमी करायचे. माल पटकन पसरावा म्हणून बादलीने पाणी ओतले की ते पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. स्लॅब गळतो तो पुष्कळदा याच पोकळ्यांमुळे.

याहून जास्त पाणी नंतर लागते. स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी साचवायचे, तर ७७० चौरस फुटांना ३,६०० लिटर हवे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना रोज एक सेंटिमीटर पाणी उडाले, असे धरले तर दिवसाला सातशे लिटर भर घालावी लागते. चौदा दिवसांचे दहा हजार. मुरवणीला एकूण साडेतेरा हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे तीन टँकर. मालात मिसळलेल्या पाण्याच्या चौपटीहून जास्त. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किंवा उष्ण कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओलावा राखायला सांगते. चौदा दिवस राखला तर उत्तम.

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे हा हिशोब स्लॅबची तारीख ठरवण्याआधीच करावा. पाणी तोकडे असेल तर ओली पोती अंथरून त्यावर प्लास्टिकचा कागद घातला की उडणारे पाणी बरेच वाचते.

९. मागणी, वेळ आणि ताळा

उदाहरणातल्या घरासाठी मागणीची यादी अशी होते : सिमेंट ११५ पोती आणि राखीव ५, ओलसर वाळू २.६ ब्रास, खडी ४.२ ब्रास; मालासाठी पाणी ३,२०० लिटर आणि मुरवणीला तीन टँकर. तयार काँक्रीट गाडीने मागवायचे असेल तर मागणी घनमीटरमध्ये द्यावी लागते. पाच ब्रास म्हणजे १४.२ घनमीटर. सहा घनमीटरच्या गाडीच्या तीन खेपा लागतील. शेवटच्या खेपेचा आकडा पहिल्या दोन गाड्या ओतून झाल्यावर उरलेला भाग मोजून सांगावा.

वेळेचाही अंदाज निघतो. एक पोत्याच्या मिक्सरला भरणे, फिरवणे आणि ओतणे यात साडेतीन मिनिटे लागली, तर ११५ फेऱ्यांना पावणेसात तास लागतात. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करण्यामागे हेच गणित आहे.

माल मध्येच संपला तर तासाभराने टाकलेला नवा माल आधीच्या आवळत आलेल्या मालाशी एकजीव होत नाही आणि तिथे सांधा पडतो. राखीव पाच पोती त्यासाठीच. थांबणे अटळच असेल तर खांबालगत किंवा बीमच्या टोकाशी थांबू नये. अभियंत्याला विचारून गाळ्याच्या मधल्या भागात, फळी लावून, सरळ उभ्या कडेवर थांबावे. पुन्हा सुरू करताना ती कड खरवडून, धुऊन, सिमेंटचे पाणी लावून घ्यावी.

संध्याकाळी मिक्सर धुतल्यावर रिकामी पोती मोजावीत. ११५ च्या आसपास निघाली तर जाडी आणि प्रमाण दोन्ही जमले. १३० निघाली तर कुठेतरी प्लेट दबली, बीमच्या फळ्या फुगल्या किंवा स्लॅब जाड पडला. ९५ च निघाली तर जाडी तरी कमी झाली किंवा मिक्सरमध्ये सिमेंट तरी. त्यातले नेमके काय झाले हे जिन्याच्या मोकळ्या जागेशी दिसणाऱ्या स्लॅबच्या कडेला टेप लावून तपासता येते.